कॉम्प्युटर ग्राफिक्सची पाठमाला नव्या हातांत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठमाला सोपवतोय असं सांगितल्यापासून फोन थांबेना. सकाळी सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं फिरताना गाठणारे भेटले, नव्या पेठेत भाजीची पिशवी सांभाळत उभ्या-उभ्या विचारणारेही भेटले. प्रश्न साधारण तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. ओळीनं वाचायची गरज नाही, ज्याला जे हवं त्यानं ते वाचावं.

सर, पाठमाला बंद करायलाय का?

नाही. वेबसाइटचा पत्ता तोच, धडे तेच, फुकट होती तशी फुकट. बाजूला होतोय तो मी.

मग तुम्ही का सोडताय? तब्येत?

तब्येत बरी आहे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा दिवाळीनंतर. पण कारण ते नाही.

गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा निरोप आला. त्रिकोण काढायचा माझा धडा त्यानं अक्षर न् अक्षर उतरवून घेतला होता आणि पडद्यावर नुसती काळी खिडकी येत होती. तीन दिवस तो स्वतःची चूक शोधत बसला. कंस मोजले, अर्धविराम तपासले, कॉम्प्युटर बदलून पाहिला. चूक माझ्या धड्यात होती. तो धडा 'जीएल बिगिन' आणि 'जीएल एंड'च्या मध्ये शिरोबिंदू लिहायच्या जुन्या पद्धतीचा. ओपनजीएल, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायच्या हुकमांचा संच, आलं १९९२ साली, तेव्हाची ही रीत. २००८ च्या ३.० आवृत्तीत ती मोडीत काढायच्या यादीत गेली आणि पुढच्या कोअर प्रोफाइलमध्ये, म्हणजे जुनं वगळलेल्या रूपात, ती चालतच नाही. ॲपलनं तर २०१८ मध्ये ओपनजीएललाच निवृत्तीच्या वाटेला लावलं. हे सगळं मला माहीत होतं. धड्याच्या माथ्यावर एक ओळ लिहायची राहिली होती, आणि ती चार वर्षं राहिली होती.

त्या मुलानं शेवटी लिहिलं होतं, "सर, माझंच काहीतरी चुकत असेल." ते वाचल्यावर ठरवलं.

कोणाकडे सोपवताय?

दोघांकडे. एक मुलगी पूर्व भागातली, घरात यंत्रमाग, आई-वडील घरात तेलुगू बोलतात. ती पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे, रंग-उजेड ठरवणारे छोटे प्रोग्राम) लिहिते आणि महिन्यातून एकदा हुतात्मा एक्सप्रेसनं घरी येते. दुसरा इथंच डिप्लोमाच्या पोरांना शिकवतो. नावं छापू नका असं दोघांनी सांगितलंय. लोक आधी फेसबुकवर शोधतात आणि मग धडा वाचतात, असं त्या मुलीचं म्हणणं. मला पटलं.

निवडले कसे, असंही विचारतात. गेल्या काही वर्षांत माझ्या चुका सर्वांत जास्त कोणी दाखवल्या ते काढून पाहिलं. पहिली दोन नावं या दोघांची निघाली. मुलाखत घेतली नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही पुढ्यात ठेवून दोन तास भांडलो, तीच मुलाखत.

नेमकं काय काय सोपवलं जातंय?

यादी वाटते त्यापेक्षा लांब निघाली. पाठमालेचा पत्ता, सर्व्हरची किल्ली, धड्यांचा मजकूर, चालती उदाहरणं, चित्रांच्या मूळ फाइली आणि एक दोनशे पानी वही. वहीबद्दल खाली सांगतो.

सगळ्यांत जास्त त्रास पत्त्यानं दिला. तो घेतला तेव्हा मी एका मोफत ईमेलचा पत्ता दिला होता आणि ती ईमेल सेवाच पुढं बंद पडली. मोबाइल नंबर दिला होता तो बायकोचा, तोही बदललेला. म्हणजे दरवर्षी पैसे मी भरत होतो, पण कागदोपत्री मी कोणीच नव्हतो. ओटीपी जाणार एका अनोळखी माणसाला. पॅन कार्ड, जुन्या पावत्या, सहीचा अर्ज असं करत मालकी पुन्हा माझ्या नावावर यायला दीड महिना गेला, मगच ती पुढं देता आली. तुमची कुठलीही वेबसाइट असेल तर आज संध्याकाळी तिथला नोंदणीचा ईमेल आणि मोबाइल बघून घ्या. बाकीचं हे पान नंतर वाचलंत तरी चालेल.

आता पत्ता दोघांच्या नावानं आहे आणि पासवर्ड बंद पाकिटात तिसऱ्या माणसाच्या कपाटात आहेत. तिसरा माणूस मी नाही.

'चुकांची वही' म्हणजे काय? ती कशाला द्यायची?

माझ्या मते सोपवण्यासारखी खरी गोष्ट ती एकच. धडे कोणीही लिहील. ग्राफिक्सची गणितं पुस्तकांत आहेत, व्हिडिओ तर रोज नवे येतात. पण मराठी माध्यमातून आलेलं पोर कुठल्या ओळीवर अडतं, हे कुठं छापलेलं नसतं. कोणी प्रश्न विचारला की तो मी वहीत लिहीत गेलो. उत्तर लिहिलं नाही, प्रश्नच लिहिला, त्याच्याच शब्दांत. मग त्यापुढं, त्यानं काय समजून घेतल्यामुळं हा प्रश्न पडला असेल, ते.

एक पान उघडतो. प्रश्न असा : "लांबची घरं लुकलुक करतात. ग्राफिक्स कार्ड खराब आहे का?" हा प्रश्न वेगवेगळ्या मुलांकडून अकरा वेळा आलाय. कार्ड चांगलं असतं. मुलानं कॅमेऱ्याचं जवळचं प्रतल (त्याच्या अलीकडचं काही काढलं जात नाही) १ सेंटीमीटरवर ठेवलेलं असतं आणि दूरचं (त्याच्या पलीकडचं काढलं जात नाही) १ किलोमीटरवर. त्याचा हिशेब असा की जवळचं जितकं जवळ तितकं बरं, काही कापलं जायला नको. पण डेप्थ बफरमधली, म्हणजे कुठली वस्तू पुढं आणि कुठली मागं हे ठरवायला प्रत्येक पिक्सेलसाठी साठवलेली, खोली सारख्या अंतरानं वाटलेली नसते. ती अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते. वरच्या आकड्यांनी गणित केलं तर शून्य ते एक या पट्टीतली ०.९९ खोली कॅमेऱ्यापासून पहिल्या १ मीटरमध्येच खर्च होते. उरलेल्या ९९९ मीटरसाठी राहतो शंभरावा हिस्सा. म्हणून लांबच्या दोन भिंतींना एकच आकडा मिळतो, आणि कधी ही पुढं तर कधी ती. जवळचं प्रतल अर्ध्या मीटरवर न्या, पहिल्या मीटरचा खर्च ०.५ वर येतो आणि लुकलुक बहुतेक थांबते.

हे सूत्र धड्यात आधीपासून होतं. तरी अकरा जण अडले, कारण सूत्रातून 'खर्च' दिसत नाही. धड्यात पाण्याच्या टाकीचं उदाहरण घातलं : चार-पाच दिवसांनी येणारं पाणी पहिल्याच दिवशी अंगणात शिंपडून टाकलं तर पुढचे दिवस काय करणार? सोलापूरच्या माणसाला आणखी समजावावं लागत नाही. त्यानंतर हा प्रश्न एकदाच आला, तोही लातूरहून.

वहीत असं बरंच आहे. कागदावर वाय अक्ष वर जातो आणि पडद्यावर खाली, त्यामुळं उलटी पडलेली चित्रं. साइनला अंश दिले, त्याला हवे होते रेडियन. ताणलेल्या गोळ्यावर उजेड चुकीचा पडतो, कारण गोळा ताणायला जी मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) लावली तीच पृष्ठभागाच्या लंबालाही लावली. एक्स दिशेनं दुप्पट ताणलं तर लंबाचा एक्स घटक निम्मा करायचा असतो. दुप्पट केला तर तो लंबच राहत नाही. हे मी फळ्यावर निदान शंभरदा काढून दाखवलं असेल.

पहिला धडा चादरीवर का? तो राहणार ना?

राहणार. ही एकच अट मी घातली, आणि ती मुलगी म्हणाली की अट घातली नसती तरी तो राहिला असता.

बाहेरगावच्यांसाठी थोडक्यात. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड लावलेल्या मागावर विणली जाते. नक्षीकार आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढतो. एक घर म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथं एकमेकांना छेदतात ती जागा. घर भरलं असेल तर पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक पडतं, भोक असेल तिथं उभा धागा वर उचलला जातो आणि धोटा त्याच्या खालून जातो. कागदाची एक ओळ, एक कार्ड, एक आडवा धागा. जोसेफ मारी जकार्डनं हे यंत्र १८०४ साली केलं. त्याचीच कार्डं पाहून चार्ल्स बॅबेजनं आपल्या ॲनालिटिकल इंजिन या गणनयंत्राला भोकांच्या कार्डांवरून हुकूम द्यायचं ठरवलं. तेव्हा आमच्या पोरांना पिक्सेल समजावायला अमेरिकेतून सुरुवात कशाला करायची? तो पूर्व भागात खडखड वाजतोय.

पहिल्या धड्यात मी चौकटीचा कागद आणि पेन्सिल घ्यायला लावतो. शून्य-शून्य घरापासून आठ-तीन घरापर्यंत सरळ रेष काढा, पण घरं भरूनच. प्रत्येक स्तंभात एक घर. आयबीएममध्ये असताना जॅक ब्रेझनहॅमनं शोधलेली रीत १९६५ मध्ये छापून आली, तिच्यात भागाकार नाही, अपूर्णांक नाही, बेरीज-वजाबाकी आणि एक खूण. ती लावली की नऊ घरांच्या उंच्या येतात ०, ०, १, १, १, २, २, ३, ३. पायऱ्या दोनाची, तिनाची, दोनाची, दोनाची. मधली तिनाची का? शून्यापासून मोजलं तर चौथ्या स्तंभात रेष बरोब्बर दीड उंचीवर येते, दोन घरांच्या सीमेवर. वर जायचं की खाली थांबायचं हे कोणीतरी ठरवावंच लागतं. माझ्या धड्यात ती खाली थांबते. एका वर्गात मी हे सांगत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "आमचे बाबा वर घेतात, सर. मोराची मान बारीक दिसते." वडील नक्षीकार. त्या दिवशी मी काही शिकवलं असं मला वाटत नाही.

पडद्यावर या पायऱ्या पुसट रंगांनी गुळगुळीत करता येतात, चादरीत धागा एकतर वर नाहीतर खाली. मग कारागीर काय करतो? दोन रंगांची घरं विरळ-दाट पेरतो आणि लांबून तिसरा रंग दिसतो. ग्राफिक्समध्ये यालाच डिदरिंग म्हणतात. त्यावरचा धडा अर्धवट आहे. पूर्ण करायची जबाबदारी आता त्या पूर्व भागातल्या मुलीची, वडिलांना विचारून.

टर्बो सीचे जुने धडे उडवणार का?

उडवणार नाही, माडीवर चढवणार. वेगळ्या जुन्या विभागात जातील आणि माथ्यावर ठळक लिहिलेलं असेल : हे आता वापरू नका.

टर्बो सी म्हणजे सी भाषेत प्रोग्राम लिहायचं जुनं साधन. त्या धड्यांवर माझा जीव आहे हे कबूल. ६४० बाय ४८०, सोळा रंग आणि निळा एडिटर. सोलापुरातल्या एका पिढीनं पहिलं वर्तुळ तिथंच काढलं. आणि पहिला हताश दिवसही तिथलाच : 'ग्राफिक्स सुरूच झालं नाही' असं सांगणारी ती एरर. कारण ठरलेलं. ग्राफिक्स चालवणाऱ्या फाइली असतात त्या बीजीआय फोल्डरचा पत्ता लिहिताना पोरं एकच बॅकस्लॅश द्यायची. सी भाषेत बॅकस्लॅशपुढं टी आला की त्याचा टॅब होतो आणि बी आला की बॅकस्पेस. टीसी आणि बीजीआय, दोन्ही फोल्डरांची पहिली अक्षरं नेमकी तीच. म्हणजे पत्त्यात एक लांब फट आणि एक मागं सरकणं, आणि कॉम्प्युटर त्या पत्त्यावर फोल्डर शोधतोय. दोन बॅकस्लॅश द्या एवढंच सगळे सांगायचे, का ते कोणी सांगायचं नाही. त्या धड्याचा तेवढा परिच्छेद तरी नव्या विभागात आणा, असं मी सुचवलंय.

आता ओपनजीएल शिकवणार, वल्कन की वेबजीपीयू?

तो निर्णय माझा नाही. विचारलंत म्हणून मत सांगतो. तिन्ही ग्राफिक्स कार्डाशी बोलायच्याच रीती. वल्कन २०१६ चं. ते चांगलं आहे, पण त्यात पहिला त्रिकोण दिसेपर्यंत पोरगं म्हातारं होतं. वेबजीपीयू क्रोममध्ये २०२३ ला आलं, अजून सगळ्यांच्या हातातल्या फोनवर नीट चालेलच असं नाही. २०१७ चं वेबजीएल २, म्हणजे ओपनजीएलचं ब्राउझरमधलं भावंड, बहुतेक ठिकाणी चालतं, आणि आमच्या निम्म्या विद्यार्थ्यांकडे लॅपटॉप नाही, फोन आहे. तेव्हा चालती उदाहरणं वेबजीएल २ मध्ये, असं तूर्त ठरलंय.

त्याआधी मात्र महिनाभर कुठलीच लायब्ररी नको. एक ॲरे घ्या, तोच पडदा समजा आणि स्वतःच्या हातानं त्रिकोण भरा. बिंदू त्रिकोणाच्या आत आहे का, हे बघायला दहावीचा निश्चयक पुरतो. क्रेमरची पद्धत आठवते ना? तोच. तीन बाजूंसाठी तीन निश्चयक, तिन्हींची चिन्हं सारखी आली तर बिंदू आत. मार्कांपुरता केलेला निश्चयक इथं पहिल्यांदा पडद्यावर रंग भरतो, तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. हा भाग कुठल्याही कंपनीनं काहीही मोडीत काढलं तरी जुना होत नाही.

चालती चित्रं काही धड्यांत दिसत नाहीत. दुरुस्त होतील?

होतील. ती दोनदा मेलेली आहेत. आधी जावा ॲपलेट होती, ब्राउझरांनी ॲपलेटला दार बंद केलं. मग उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या घालवून सगळी फ्लॅशमध्ये केली, आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला. तिसऱ्यांदा मी केली नाहीत. आता ती साध्या जावास्क्रिप्टमध्ये, कुठलंही प्लगइन न लावता होतायत. साठातली बावीस झाली.

काही धड्यांत मराठी अक्षरं विचित्र का दिसतात?

जुने धडे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. त्यात अक्षर दिसायचं मराठी, पण आत साठवलेलं असायचं इंग्रजी. फॉन्ट गेला की कचरा. बदलायला कन्व्हर्टर वापरला आणि त्यानं ऱ्याची वाट लावली. 'पायऱ्या'मधला आडवा, पापणीसारखा र वेगळा असतो, त्याला युनिकोडमध्ये वेगळं घर आहे. कन्व्हर्टरला ते माहीत नव्हतं, त्यानं सगळीकडे रफार दिला. डोंगररांगा काढायच्या धड्यात मी लिहिलं होतं, 'उंचीचे आकडे कमी असतील तिथे दऱ्या तयार होतात.' कन्व्हर्टरनंतर तिथं दर्या तयार व्हायला लागला. एका मुलीनं इमानदारीत खोलगट भागात निळं पाणी भरून पाठवलं. लाटा सुंदर होत्या, पूर्ण मार्क दिले.

उरलेले ऱ्य आणि ऱ्ह हातानं तपासावे लागतील. कोणाला वेळ असेल तर हे काम करा. त्यासाठी ग्राफिक्स यावं लागत नाही, मराठी यावं लागतं.

माझा एक धडा पाठमालेत आहे. त्याचे हक्क कोणाकडे जाणार?

तुमचे तुमच्याकडे. धडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या, त्याच अटींवर पुढे द्या' या ४.० परवान्याखाली आहेत. तो परवाना मागं घेता येत नाही, त्यामुळं वाचणाऱ्याचं काही बदलत नाही.

माझ्या धड्यांचे हक्क मात्र मी लिहून दिले. माझा पहिला मसुदा एका ओळीचा होता : 'सर्व हक्क सोपवत आहे.' कोर्टात वकिली करणारा एक जुना विद्यार्थी तो वाचून हसला. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ : हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. म्हणजे माझ्या त्या उदार ओळीनं पाच वर्षांनी सगळं परत माझ्याच दारात आलं असतं. आता मुदत, प्रदेश, धड्यांची यादी, सगळं नीट लिहून सह्या झाल्यात.

ज्यांचा परवाना कधी विचारलाच नव्हता असे सात जुने लेखक होते. पाच सापडले, पाचही हो म्हणाले. दोन सापडले नाहीत, त्यांचे धडे काढून तोच विषय नव्यानं लिहिला जाईल.

आधी जपून ठेवलेल्या लिंका चालतील का?

चालतील. पत्ते बदलले तिथं जुन्यावरून नव्यावर आपोआप नेलं जाईल. कॉलेजांच्या छापील नोट्समध्ये त्या लिंका आहेत, त्या तोडून कोणाचं भलं होणार?

इंग्रजीत का करत नाही? जास्त लोक वाचतील.

इंग्रजीत भरपूर आहे, उत्तम आहे, जरूर वाचा. इथं जे येतात ते आधी इंग्रजीशी झटापट करून दमलेले असतात. शेडर, पिक्सेल, मॅट्रिक्स हे शब्द आम्ही तसेच ठेवतो, पुढं नोकरीत तेच लागतात. वाक्य मात्र मराठी. कानडी आणि तेलुगूत करायची कल्पना नव्या मंडळींची आहे. सोलापुरात ते जमलं नाही तर कुठं जमणार?

पैसे पाठवू का?

नको. तीन वर्षांचा खर्च भरून ठेवलाय. ऱ्य तपासा.

तुम्हाला फोन केला तर चालेल ना?

गप्पांना केव्हाही. शंकांना नाही. सहा महिने मी एकाही शंकेचं उत्तर देणार नाही असं ठरलंय, नाहीतर लोक सवयीनं इकडंच येतील आणि वहीत नवी पानं पडणार नाहीत. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भेटलो तर भजी मी देईन, डेप्थ बफरबद्दल बोलणार नाही.

तुमच्या धड्यात चूक सापडली तर ते बदलतील? की सरांचं म्हणून तसंच ठेवतील?

परीक्षा घेतली आहे. काळा (पडद्यावर ०) आणि पांढरा (२५५) निम्मे-निम्मे मिसळले की १२८ चा करडा येतो, असं मी रंगांच्या धड्यात लिहून ठेवलं होतं. चूक आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मुद्दाम कोणाला बोललो नाही. पडद्यावरचे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. १२८ म्हणजे जेमतेम बावीस टक्के उजेड, निम्म्या उजेडाला १८८ लागतात. ताबा दिल्यावर नवव्या दिवशी ते वाक्य बदललेलं दिसलं. शेजारी त्या शेडर लिहिणाऱ्या मुलीची टीप होती : "इथे सरांनी घाई केली आहे."